बाहेरचे तापमान आणि दहाचाकी ट्रकचे ॲव्हरेज : सांगली–सातारा मार्गावरील प्रकल्प नोंदी

२५ नोव्हेंबर २०२४, सांगली

कुपवाड औद्योगिक वसाहतीतील ओतकामाचा माल साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पोहोचवणाऱ्या आमच्या दहाचाकी गाड्यांना फेरीमागे डिझेल ठरवून दिलेले आहे आणि लिटरचा हा आकडा बाराही महिने एकच असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत बहुतेक चालकांच्या खात्यावर तूट दिसते व ती त्यांच्या भत्त्यातून वळती केली जाते. एप्रिल उजाडला की त्याच गाड्या, त्याच चालकांच्या हातात, ठरलेल्या डिझेलमध्ये फेरी पुरी करून वर थोडे शिल्लकही ठेवतात. हिशोब विभाग या तुटीकडे संशयाने पाहतो, तर चालक थंडीकडे बोट दाखवतात. देखभाल विभागाकडे हा विषय आला तो गाड्यांत काही दोष आहे का ते तपासा, एवढ्याच सूचनेसह. दोष शोधण्याआधी तूट खरोखर किती आहे आणि ती कोणत्या कारणाने पडते हे मोजून पाहावे, असे ठरवून ही वही सुरू करीत आहे.

आमच्याकडील सर्वांत जुने चालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांना विचारले असता ते म्हणाले, "साहेब, थंडीत गाडी वडती झकास, पण डिझेल बी तसंच पिती." या वाक्याचे दोन्ही भाग एकाच वेळी खरे असू शकतात असे मला वाटते, आणि प्रकल्पाचा रोख त्यावरच ठेवला आहे.

मार्ग सांगली, आष्टा, पेठ नाका, कराड, सातारा असा राहील. या टप्प्यात घाट नाही, ही मोठी सोय आहे. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आणि सातारा त्याहून शंभरएक मीटर उंचावर असल्याने जाताना भरलेल्या गाडीला चढ पडतो, २८.५ टन वजन शंभर मीटर वर नेण्यासाठीच सुमारे दोन लिटर डिझेल खर्ची पडते. म्हणून एकेरी फेरीचा आकडा कुठेही धरायचा नाही. जाऊन-येऊन, आणि वजनकाट्यावरची दोन्ही बाजूंची वजने जवळपास सारखी असतील त्याच फेऱ्या नोंदवायच्या.

२ डिसेंबर २०२४

टाकी तोंडापर्यंत भरून काढलेले ॲव्हरेज या कामाला उपयोगाचे नाही. गाडी पंपावर जरा तिरकी उभी राहिली किंवा डिझेलला फेस आला, तरी टाकी भरली असे वाटण्यात दोन-तीन लिटरचा फरक सहज पडतो, आणि आपण शोधतो आहोत तो फरक साधारण तेवढाच आहे. उत्तर अमेरिकेत ट्रकच्या इंधन चाचणीसाठी 'एसएई जे१३२१' ही पद्धत वापरली जाते. तिच्यात इंधन वेगळ्या सुट्या टाकीत घेऊन ती टाकी प्रवासाआधी व नंतर तोलतात. तेवढा भाग आपण उचलला आहे. त्या पद्धतीत एक नियंत्रण-गाडीही सोबत पळवतात, जेणेकरून हवामानाचा परिणाम दोन्ही गाड्यांवर सारखा होऊन हिशोबातून निघून जावा. आपल्याला नेमका हवामानाचाच परिणाम पाहायचा असल्याने तो भाग येथे लागू पडत नाही.

चेसिसच्या डाव्या बाजूला, बॅटरीच्या पेटीमागे, झाकण घट्ट बसणारी पोलादी टाकी पट्ट्यांनी आवळली आहे. इंजिनाकडे जाणारी नळी तिच्यातून घेतली आणि परतीची नळीही तिच्यातच सोडली. दुसरी गोष्ट विसरून चालत नाही. कॉमन रेल इंजिन पंपाने खेचलेल्या डिझेलपैकी बराच भाग न जाळता परत पाठवते, आणि तो जर मूळ टाकीत गेला तर सगळे तोलणे व्यर्थ. परत येणारे हे डिझेल इंजिनाच्या उष्णतेने तापलेले असते. साताऱ्यात टाकी उतरवताना ती हाताला चांगलीच गरम लागते, त्यामुळे लिटरमध्ये मोजले असते तर पुन्हा घोटाळा झाला असता. तोलकाटा ५० ग्रॅमपर्यंत दाखवतो. पेठ नाका ते सातारा या चौपदरी पट्ट्यात एका बाजूने सोळा-सतरा किलो डिझेल लागते, त्या मानाने हा काटा पुरेसा बारीक आहे.

वेग वरच्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटर. केंद्र सरकारने २०१७ मध्ये जड वाहनांसाठी काढलेल्या इंधन-वापर मानकांतही मालट्रकची चाचणी ४० व ६० या स्थिर वेगांवरच ठेवलेली आहे, त्यामुळे हा आकडा अगदीच मनाचा नाही. सहापदरीकरणाच्या कामांमुळे कराडच्या आसपास वळणरस्त्यांवर वेग पडतो. तेथील वेळ क्लीनर वहीत वेगळी लिहील.

९ डिसेंबर २०२४

गाडीकडे वळण्याआधी डिझेलचा विचार संपवून टाकतो, कारण चालकांच्या चर्चेत तो विषय सारखा येतो. डिझेल तापले की फुगते. एका अंशामागे त्याच्या एका घनमीटरच्या वजनात साधारण ०.७ किलोग्रॅम घट होते. १५ अंशांना ८३० किलोग्रॅम घनता असलेले डिझेल ३३ अंशांना ८१७-८१८ च्या आसपास भरते, म्हणजे त्याच लिटरमध्ये दीड टक्का कमी डिझेल. पंप लिटर मोजतो, इंजिन मात्र किलोग्रॅम जाळते. त्यामुळे उन्हाळ्यात प्रत्येक लिटरमागे ग्राहकाला किंचित कमी ऊर्जा मिळते. उन्हाळ्यात ॲव्हरेज वाढत असेल तर ते या घटीवर मात करून वाढते, ही बाब पुढे लक्षात ठेवावी लागेल.

पहाटे भरलेले डिझेल थंड व म्हणून जास्त मिळते, ही समजूत मात्र तपासून बाजूला ठेवली. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात. नेहमीच्या पंपावर परवानगीने हायड्रोमीटर (घनता मोजणारे साधन) व थर्मामीटर लावून सकाळी आणि दुपारी डिझेलचे तापमान पाहिले, तेव्हा हवेत मोठा फरक असूनही डिझेलमध्ये तो जेमतेम जाणवला. फरक पडतो तो ऋतू पालटल्यावर, आणि तोही हवेच्या मानाने पुष्कळ कमी. पंपावर रोज सकाळी घनतेची नोंद १५ अंशांवर आणून ठेवली जाते व ती डिझेलसोबत आलेल्या चलनावरील आकड्याशी ३ किलोग्रॅमच्या आत जुळावी लागते. ही नोंद पाहण्याचा ग्राहकाला हक्क आहे, तरी आमच्यापैकी कोणी ती कधी मागितली नव्हती.

थंड देशांतील डिझेल गोठण्याच्या तक्रारी आपल्याकडे लागू नाहीत. भारतीय मानक १४६० नुसार हिवाळी डिझेल फिल्टरमध्ये अडकू लागण्याचे तापमान ६ अंशांपेक्षा वर असता कामा नये, आणि साताऱ्याची पहाट तिथपर्यंत क्वचितच उतरते. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे वेगळे डिझेल २०१९ पासून मिळते. कराड-साताऱ्याच्या वाहतूकदाराला त्याची गरज नाही.

२३ डिसेंबर २०२४

थंडी पडली. पहाटे यार्डात १२ अंश. गाडी हलण्यापूर्वी दहाही टायरांची हवा तपासली आणि तुटीचा पहिला धागा हाती लागला.

ऑक्टोबरच्या उकाड्यात, दुपारी ३६ अंशांत, उभ्या गाडीच्या टायरांत ११० पौंड (म्हणजे चौरस इंचाला ११० पौंड दाबाची) हवा भरून घेतली होती असे समजू. टायरच्या आतील हवेचा दाब तिच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात उतरतो. बाहेरच्या हवेचा आपल्या उंचीवरील सुमारे १३.७ पौंडांचा दाब मिळवून हिशोब केला, तर १२ अंशांना तोच टायर १०० पौंडांच्या आसपास दाखवेल. कुठेही गळती नाही, कोणाचाही हलगर्जीपणा नाही, आणि तरी दहाही टायर दहा-दहा पौंडांनी बसलेले. यार्डातील गेजने दाखवलेले आकडे याच्या अगदी जवळ होते. मागच्या आतल्या टायरांचे तर त्याहूनही कमी, कारण आतल्या टायरची वॉल्व्ह सापडवायला हात घालावा लागतो आणि म्हणून तिकडे कोणी फिरकत नाही. सर्व टायरांत दहा पौंड कमी असल्यास डिझेलचा खर्च अर्ध्या ते एक टक्क्याने वाढतो, असा साधारण अनुभव आहे.

याच्या उलट चूक उन्हाळ्यात होते. भर दुपारी चालून आलेल्या गाडीचा टायर १२५ पौंड दाखवतो, म्हणून ढाब्याशेजारच्या पंक्चरवाल्याकडे हवा कमी केली जाते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीच गाडी कमी हवेवर निघते. गाडी थंड असतानाच, निघण्यापूर्वी हवा बघावी, हा नियम प्रत्येक टायरच्या माहितीपत्रकात असतो. यापुढे चाचणीच्या गाडीत दर फेरीपूर्वी थंड टायरमध्ये ११० पौंड करूनच निघायचे, म्हणजे हवेचा हा भाग बाजूला होऊन उरलेला परिणाम स्वच्छ दिसेल.

६ जानेवारी २०२५

आज मोजणी नाही, कागदावरचा हिशोब केला. गृहीत असे : एकूण वजन २८.५ टन, वेग ६०, मार्गाची सरासरी उंची ६०० मीटर, म्हणजे हवेचा दाब सुमारे ९४३ हेक्टोपास्कल. दोन टोके घेतली, डिसेंबरची पहाट १२ अंशांची आणि एप्रिलची दुपार ३९ अंशांची.

आधी हवेचा अडथळा. घनमीटरभर हवेचे वजन पहाटे १.१५ किलोग्रॅम, दुपारी १.०५. साधारण साडेआठ टक्क्यांची घट. आपल्या ट्रकचे चौकोनी तोंड, ताडपत्री व दोऱ्या लक्षात घेऊन धरलेल्या अंदाजाने हवेचा अडथळा पहाटे ९६० न्यूटन आणि दुपारी ८७७ न्यूटन येतो. फरक ८३ न्यूटन.

आता टायरचा लोळण-अडथळा. टायर प्रत्येक फेऱ्यात जमिनीशी चपटा होऊन पुन्हा गोल होतो, आणि त्या दबण्या-सुटण्यात रबर काही ऊर्जा गिळते. रबर गरम असले की गिळण्याचे हे प्रमाण घटते. टायर मोजणीच्या 'आयएसओ २८५८०' या मानकात सर्व मोजमापे २५ अंशांवर आणण्यासाठी जो गुणक दिला आहे, तो मोठ्या ट्रक-टायरसाठी एका अंशामागे ०.६ टक्के इतका आहे. २५ अंशांना वजनाच्या हजारात सात भाग अडथळा धरला, तर तो पहाटे २१२३ न्यूटन आणि दुपारी १८०५ न्यूटन भरतो. फरक ३१८ न्यूटन.

दोन्ही मिळून पहाटेचा अडथळा दुपारच्यापेक्षा ४०१ न्यूटनने अधिक आहे, आणि त्यातला चार पंचमांश वाटा टायरांचा आहे. "थंड हवा जड असते म्हणून गाडी जास्त डिझेल खाते" हे वाक्य मी स्वतः अनेकांना ऐकवलेले आहे. ते खोटे नाही, पण आपल्या वेगावर तो किरकोळ भाग ठरतो. अमेरिकेतील महामार्गांवर ट्रक ताशी १०५ किलोमीटरने धावतात. तेथे हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढून तिप्पट होत असल्याने जड हवेचा वाटा निम्म्याच्या जवळ जातो. तिकडचे निष्कर्ष जसेच्या तसे पेठ नाक्यावर आणणे म्हणूनच बरोबर नाही. आपल्याकडे तापमानाचा प्रश्न मुख्यतः टायरचा प्रश्न आहे.

चाकांना लागणारी शक्ती पहाटे ५१ किलोवॅट, दुपारी ४५ च्या आत. कागदावर तेरा टक्के. रस्त्यावर एवढे मिळेल अशी माझी अपेक्षा नाही.

२० जानेवारी २०२५

नोव्हेंबरच्या अखेरच्या उकाड्याच्या दिवसांतील आणि आताच्या फेऱ्यांचे आकडे शेजारी मांडले. तूट आहे, पण तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही, कारण मधल्या काळात साखर कारखाने सुरू झाले. आष्ट्यापासून पेठ नाक्यापर्यंत आणि पुढे कराडपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर उसाने शिगोशीग भरून मधल्या लेनमधून ताशी पंधराने चाललेले असतात. त्यांच्यामागे दहाचाकी गाडीला चौथ्या गिअरपर्यंत उतरावे लागते आणि पुन्हा २८ टनांना वेग द्यावा लागतो. थंडी आणि गळीत हंगाम आपल्या भागात एकत्रच येतात. वर्षाच्या आकड्यांवरून कोणी थंडीचा परिणाम काढला, तर त्यात ऊस मिसळलेला असणार. मग तो चालकाच्या बाजूने काढलेला असो वा हिशोब विभागाच्या.

यावर उपाय म्हणजे ऋतूंची तुलना सोडून देऊन एकाच दिवसातील दोन वेळांची तुलना करणे. फेब्रुवारीत आपल्याकडे पहाट व दुपार यांच्यात अठरा-वीस अंशांचे अंतर पडते. मुंबईकडच्या मंडळींना दमट हवेमुळे ही सोय नाही.

११ फेब्रुवारी २०२५

नवा क्रम सुरू. तीच गाडी, तोच चालक, तेच वजन. एका दिवशी पहाटे साडेतीनला निघून उजाडता उजाडता सातारा, दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला निघून. डिझेल एकाच दिवशी पिंपात भरून ठेवले, म्हणजे घनतेचा वाद नको. पहाटे रस्ता मोकळा असतो, ट्रॉल्या कमी असतात. हा फायदा पहाटेच्या पारड्यात पडतो. त्याची वजावट करण्याचा प्रयत्न केला नाही. पहाट मागे पडली, तर ती हा फायदा पदरात असूनही मागे पडली, एवढे म्हणता येईल.

१४ व ३३ अंशांमधील अंतरासाठी कागदी हिशोब नऊ टक्क्यांहून थोडा अधिक येतो.

२६ फेब्रुवारी २०२५

पहाट मागे पडली. एका किलोग्रॅम डिझेलमागे कापलेले अंतर दुपारी सुमारे चार टक्क्यांनी अधिक भरले. जोड्यांमध्ये फरक कमी-जास्त होत राहिला, पण बाजू कधी उलटली नाही. कागदी हिशोबाच्या निम्म्याहूनही हे कमी आहे, आणि ते तसे का, यावर खालील निरीक्षणे लिहून ठेवतो.

पहिले, टायर हवेच्या तापमानावर चालत नाहीत, ते स्वतः तापतात. प्रयोगशाळेतही मोठ्या ट्रक-टायरला मोजणीपूर्वी अडीच ते तीन तास फिरवून स्थिर करतात. आमचा सातारापर्यंतचा प्रवासच तेवढा आहे, म्हणजे जाताना आमचे टायर कधीच पूर्ण स्थिर नसतात, मग पहाट असो की दुपार. दोन्ही वेळांना सुरुवातीच्या तासाचा थंड-टायरचा दंड पडतो आणि त्यामुळे त्यांच्यातले अंतर कमी दिसते. परतीच्या टप्प्यातील आकडे वेगळे काढल्यावर हे अधिक स्पष्ट झाले. पहाटे गेलेली गाडी परतताना सकाळचे दहा वाजलेले असतात आणि ती जवळपास दुपारच्या गाडीसारखी वागते.

दुसरे, मागचे हाउसिंग, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरांची पेटी. त्यातील गिअर ऑइल जाड असते आणि त्याला तापवणारे दुसरे काहीच नसल्यामुळे ते स्वतःच्या घर्षणाने सावकाश तापते. क्लीनरने बिनस्पर्शाचा थर्मामीटर हाउसिंगच्या पोटावर धरून घेतलेले वाचन असे : यार्डात १५ अंश, पेठ नाक्यावर ३४, कराडला ४८, साताऱ्यात ६१. दुपारच्या फेरीत सुरुवातच ३३ वरून झाली आणि कराडलाच साठी गाठली. इंजिन ऑइलची गोष्ट वेगळी आहे. १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांना सुमारे ११० सेंटिस्टोक्स व १०० अंशांना सुमारे १५ इतके दाट असते, म्हणजे तेही तापमानाबरोबर झपाट्याने बदलते, परंतु थर्मोस्टॅट उघडेपर्यंत रेडिएटरकडे पाणी जात नसल्याने इंजिन आष्ट्याच्या आधीच गरम झालेले असते. थंडीत इंजिनाची काळजी सगळे करतात आणि हाउसिंगकडे कोणाचे लक्ष नसते.

तिसरे, थंडीत यार्डात गाडी अर्धा-अर्धा तास चालू ठेवून "गरम करण्याची" पद्धत. उभ्या गाडीत डिझेल इंजिन पुरते तापत नाही, हाउसिंग व टायर तर मुळीच नाहीत, आणि तासाला दीड-दोन लिटर मात्र जातात. ब्रेकची हवा भरली की गाडी हलवावी आणि पहिले काही किलोमीटर हळू न्यावी. चाचणीत हा खर्च वगळलेला आहे. प्रत्यक्ष तुटीत तो आहेच, आणि तो चालकाच्या हातातला आहे.

१८ मार्च २०२५

कारखान्यांचे गाळप आटोपले, रस्ते मोकळे झाले. आज अण्णांच्या वाक्याच्या पहिल्या भागाकडे वळलो.

थंडीत गाडी चांगली ओढते, हे खरेच आहे. टर्बोत (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्रात) शिरणारी हवा थंड व दाट असते, दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरमधून निघतानाही ती तुलनेने थंड राहते, आणि सिलिंडरमध्ये दर खेपेस अधिक ऑक्सिजन पोहोचतो. पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर धूर कमी व जोर जास्त. एप्रिलच्या दुपारी हेच इंजिन चढावर लवकर दमते आणि चालकाला एक गिअर खाली यावे लागते. परंतु सपाट रस्त्यावर ६० च्या वेगात इंजिनाच्या ताकदीचा निम्म्याच्या आसपासच भाग वापरला जात असतो. तेथे जास्तीच्या ऑक्सिजनचा काही उपयोग नाही, कारण डिझेल इंजिनात हवा मुळातच गरजेपेक्षा पुष्कळ जास्त येते आणि जोर किती ते केवळ सोडलेल्या डिझेलवर ठरते. पेट्रोल इंजिनात हवेचा रस्ता झडपेने अडवलेला असतो म्हणून तेथे थंड-गरम हवेने हिशोब बदलतो. डिझेलला ती झडप त्या कामासाठी लागत नाही.

थोडक्यात, ओढ इंजिन ठरवते आणि ॲव्हरेज बहुतांशी टायर ठरवतात. चालकाच्या पायाला जे जाणवते त्यावरून टाकीचा अंदाज बांधता येत नाही, आणि कार्यालयात बसून "थंडीत तर गाड्या जोरात चालतात, मग डिझेल कसे कमी पडते" असे विचारणाऱ्याचा गोंधळही नेमका येथेच आहे.

१६ एप्रिल २०२५

दुपारी कराडला ३९ अंश. या आठवड्यात एक फेरी शिरवळपर्यंत नेली आणि परतताना खंबाटकी चढवली. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना बोगदा असतो. उलट बाजूने मात्र या फेरीत जुना घाटच चढावा लागला. २८.५ टनांना पाच टक्के चढावर केवळ गुरुत्वाकर्षणापोटी १४ हजार न्यूटन लागतात. टायर आणि हवा मिळून तीन हजार, त्यांत तापमानाने पडणारा फरक चारशे. घाटात तापमानाची बचत शोधणे व्यर्थ आहे.

घाटात उन्हाळा दुसरीकडून वसूल करतो. अर्ध्या चढावर रेडिएटरच्या पंख्याचे व्हिस्कस कपलिंग (उष्णतेनुसार पंखा इंजिनाशी जोडणारा, तेलावर चालणारा जोड) पूर्ण पकडले आणि केबिनमध्ये विमान उठावे तसा आवाज भरला. असा पकडलेला पंखा पाच ते दहा किलोवॅट सहज घेतो, आणि त्याची भूक फिरण्याच्या वेगाच्या घनाने वाढत असल्याने खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरत असताना ती सर्वाधिक असते. सपाटीवर पहाट व दुपार यांच्यात जी साडेसहा-पावणेसात किलोवॅटची बचत कागदावर दिसली होती, ती एकटा पंखा गिळू शकतो. सपाटीवर तो बहुतेक वेळ सुटा फिरतो म्हणून दुपार जिंकते.

आमच्या एका गाडीत मात्र दुपार जिंकत नव्हती. कपलिंग उघडून पाहिले तेव्हा ते कायमचे अडकलेले निघाले. आतील तेल गळून बाहेर धुळीचा काळा चिखल जमला होता आणि इंजिन बंद असताना पंखा हाताने फिरवू पाहिला तर तो गच्च लागला. त्याच गाडीच्या रेडिएटर व इंटरकूलर यांच्या मधल्या फटीत उसाच्या पाचटाचा आणि चिपाडाचा थर इतका दाट बसला होता की पलीकडचा दिवा दिसेना. आत दडलेला हा थर बाहेरून पाणी मारून निघत नाही. इंटरकूलर सोडवून मागच्या बाजूने हवेने फुंकावा लागतो. हंगाम संपल्यावर मार्चमध्येच सर्व गाड्यांचे हे काम करून घ्यावे, असे देखभाल वेळापत्रकात घातले.

७ मे २०२५

केबिनच्या वातानुकूलनाविषयी विचारणा आली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड मालट्रकच्या केबिनमध्ये ते सक्तीचे केलेले आहे. कॉम्प्रेसर चालू असताना दोन-तीन किलोवॅट घेईल, म्हणजे सपाटीवर चाकांना लागणाऱ्या शक्तीच्या साधारण पाच टक्के. नव्या गाड्या आल्या की उन्हाळ्यातील फायद्याचा बराच भाग त्यात जाईल, आणि तो जावा असेच माझे मत आहे. ३९ अंशांच्या दुपारी बॉनेटशेजारी आठ तास बसणाऱ्या माणसाकडून चार टक्के डिझेलसाठी घाम काढण्यात अर्थ नाही. नव्या गाड्यांचे डिझेल ठरवताना मात्र हे धरावे लागेल, नाहीतर आज जी तूट हिवाळ्यात दिसते ती उद्या मे महिन्यात दिसेल आणि कोणीतरी पुन्हा चालकाच्या भत्त्याकडे पाहील.

२७ मे २०२५

मोजणी थांबवली. वळवाच्या पावसाने यंदा महिनाभर सलग ठाण मांडले, आणि मोसमी पाऊसही केरळात २४ मे रोजीच दाखल झाला. ओल्या रस्त्यावर टायरला पाणी बाजूला सारावे लागते, शिवाय ते टायरला सतत थंड करीत राहते, त्यामुळे लोळण-अडथळा वाढतो. त्या आकड्यांची सुक्या रस्त्याच्या आकड्यांशी सांगड घालता येणार नाही. तापमानाचा हिशोब सुक्या रस्त्यापुरताच धरावा.

९ जून २०२५

हिशोब विभागाशी बैठक झाली. ठरले ते असे. डिसेंबर ते फेब्रुवारीत पहाटे सहाच्या आधी सुटणाऱ्या सांगली–सातारा फेरीला ठरलेल्या डिझेलवर चार टक्के वाढ मिळेल. दुपारी सुटणाऱ्या फेरीला नाही. गळीत हंगामातील कोंडीची सवलत याहून वेगळी राहील आणि ती वेळेच्या नोंदीवरून दिली जाईल, कारण ती थंडीच्या नावाखाली घातली तर एप्रिलपर्यंत चालू राहील. मे महिन्यासाठी ठरलेला आकडा खाली आणावा, अशी सूचना दुसऱ्या बाजूने आली होती. पंख्याचे कपलिंग आणि इंटरकूलरची सफाई या दोन्ही गोष्टी कार्यालयाच्या अखत्यारीत असून त्यांवरच उन्हाळ्याचा फायदा टिकतो, हे दाखवल्यावर ती मागे घेण्यात आली.

हवेची नोंद चालकाच्या वहीत न ठेवता यार्डाच्या वहीत ठेवायची, गाडी थंड असताना, आतल्या टायरांसह. नोव्हेंबरच्या मध्यात तापमान उतरू लागले की एकदा सर्व गाड्यांची हवा वाढवून घ्यायची. आतल्या टायरांच्या वॉल्व्हला जोडण्यासाठी लांब नळ्या मागवल्या आहेत. त्या पुढील आठवड्यात येतील.

डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत वळती केलेल्या रकमांचा फेरविचार व्हावा, असे पत्र स्वतंत्रपणे दिले आहे. त्यासोबत पहाटेच्या फेऱ्यांचे तोलाचे आकडे आणि प्रत्येक फेरीचे सुटण्याचे तापमान जोडले आहे.

पावसाळ्यातील आकडे आजपासून वेगळ्या रकान्यात.